खाडीकडची रेघ

अंकल, मागच्या शुक्रवारी तुमच्यामुळे मी परत शिव्या खाल्ल्या. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, मी समुद्रापलीकडे आखातात येऊन पडलोय, तरी सुटका नाही. इथे आमच्या कॅम्पच्या मागे रेतीचं ग्राउंड आहे. शुक्रवारी सुट्टी असते, उन्हं उतरली की मॅच. माझा गुडघा धरलाय म्हणून मला लाइनवर उभा केला आणि हातात लाल फडकं दिलं. आमच्याच खोलीतल्या एका पोराने कोपऱ्यातून बॉल खेचून आत टाकला, दुसऱ्याने डोकं लावलं, गोल. सगळे नाचायला लागले आणि माझा हात वर. विचारबिचार काही केला नव्हता, हात आपला आपण गेला. बॉल बाहेर जाऊन आला होता, मी बघितलं होतं. गोल गेला, मॅच गेली. आमच्या खोलीत एक साताऱ्याचा आहे, वयाने मोठा, एरवी मला हाक मारल्याशिवाय ताटावर बसत नाही. तो सगळ्यांदेखत ओरडला, "आरं येड्या, तू आपला हायस का त्यांचा?"

हेच, अगदी हेच मी तुम्हाला विचारलं होतं. तेव्हापासून डोकं आउट आहे. खोलीत कोणी धड बोलत नाही, मीही बोलत नाही. घरी मी कॅसेट भरून पाठवतो, आई शेजारणीकडे जाऊन ऐकते, लिहायची वेळच येत नाही. पण तुम्हाला कॅसेट कुठे पाठवू, म्हणून वही घेतली. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाचं अक्षर आहे, चालवून घ्या. तुम्हाला सगळं माहीत आहे तरी पहिल्यापासून लिहितो. ओळीने मांडलं की कोणाचं चुकलं ते दिसेल. मला वाटतं तुमचंच दिसेल.

आपलं ग्राउंड म्हणजे तरी काय होतं. विक्रोळीला हायवेच्या पलीकडे, कंपन्यांच्या भिंती संपतात आणि तिवरं सुरू होतात, त्यांच्या मधली चिंचोळी पट्टी. एका गोलच्या मागे हायवेचा बांध, दुसऱ्याच्या मागे तिवरं आणि खाडी. निम्मी टीम तुमच्या गावठाणातली, निम्मी आमच्या चाळीतली कोकणातल्यांची पोरं. तुम्ही कंपनीत फिटर, पण आमच्यासाठी कोच, डॉक्टर, बॉल शिवणारे आणि मॅचला आपल्या बाजूचे लाइन्समन. प्रत्येक क्लबने एक लाइन्समन द्यायचा अशीच रीत होती सगळीकडे, आणि सगळे आपापल्या टीमच्या बाजूनेच झेंडा हलवायचे. तुम्ही सोडून. मॅचच्या आधी तुम्ही विचारायचात, "आज तिथी काय रे?" गळ्यात क्रूस घातलेला माणूस तिथी विचारतोय आणि आम्ही हिंदू पोरं एकमेकांची तोंडं बघतोय. मग तुम्हीच सांगायचात, "अवसेला दोन दिवस हाय. पाणी येणार." उधाणाच्या दिवसांत भरतीचं पाणी खाडीकडच्या गोलच्या मागून यायचं. लाटबिट नाही, जमिनीतून झिरपल्यासारखं, गुपचूप. आधी गवत ओलं, मग घोट्याएवढं, आणि चुन्याची रेघ दुधासारखी पसरून नाहीशी.

प्रॅक्टिसला उशिरा येईल त्याने दोरी धरायची हा तुमचा नियम. मी रोज उशिरा, त्यामुळे रेघा मारायला कायम मीच. गोलपोस्टपासून अठरा पावलांवर, जिथे पेनल्टीच्या चौकोनाची रेघ गोललाइनला येऊन मिळते, तिथे दोन्हीकडे तुम्ही भंगारातली जाड सळई ठोकून ठेवली होती. वीतभर लांब, डोकं जमिनीच्या बरोबर, कोणाच्या पायाला लागू नये म्हणून. कोपऱ्यांतही तशाच. आपण त्यांना खुंटी म्हणायचो. माती उकरून खुंटी शोधायची, तिला दोरी बांधायची, ताणून धरायची, आणि तुम्ही दोरीवरून चुना सोडत उलटे चालत यायचात. "ताण रे, ताण. रेघ हाय ती, गटार नाय." पाणी येऊन गेलं की परत त्याच खुंट्या, परत तीच रेघ. पावसाळ्यात माती वाहून गेली की खुंटीचं डोकं वर यायचं आणि एकेकाचे अंगठे फुटायचे, तेव्हा तुम्ही हातोडी घेऊन ती परत खाली बसवायचात, पण काढायचा नाहीत. आज इथे यार्डात मी तेच करतो. लोखंडी पत्र्यांवर दोरी ताणून खुणा मारायच्या, त्यावरून बाकीचे कापतात. ही नोकरी तुमच्या दोरीमुळे मिळाली असं कोणी म्हणालं तर त्याला मी मारीन. मला नोकरी फुटबॉलवर मिळणार होती.

माहुलच्या कोळ्यांच्या टीमबरोबरची मॅच आठवते? बॉल एकच, तोही तुम्ही दोनदा शिवलेला. त्यांच्या बॅकने असा लाथाडला की तिवरांवरून थेट खाडीत. ओहोटी लागलेली, बॉल खाली समुद्राकडे निघाला. त्यांचा कॅप्टन कमरेवर हात ठेवून म्हणतो, "जाऊं दे, आमच्याच गावाला चाललाय. संध्याकाळी घरी गेल्यावर उचलतो." सगळे हसून लोळत होते आणि तुम्ही शर्ट-पँट काढून चिखलात. छातीपर्यंत रुतलात, बॉल काढलात, परत आलात ते चड्डीवर, काळेकुट्ट, आणि तसेच झेंडा घेऊन पुढची सगळी मॅच लाइनवर धावलात. त्याच मॅचला मी मारलेला बॉल बारला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. आत की बाहेर, कोणाला कळेना. तुम्ही झेंडा मधल्या रेघेकडे दाखवलात, गोल. त्यांची पोरं अंगावर आली नाहीत. तोच कॅप्टन म्हणाला, "म्हाताऱ्याने सांगितलं ना? मग गेला आत, चला." तुमच्या एका हातावर मला गोल मिळाला तेव्हा मला काही वाईट वाटलं नव्हतं, हेही लिहून ठेवतो.

जोगेश्वरीला सहा गोल खाल्ले तो दिवसही आठवतो. मी एकटाच बॉल घेऊन धावत होतो, कोणाला देत नव्हतो. परतताना तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "बॉल बापाने घेऊन दिलाय काय रे तुझ्या? दे ना कोणाला कधीतरी." माझा बाप तेव्हा गिरणीच्या संपात घरी बसला होता. मला ते असं लागलं की मी दोन दिवस आलो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या चाळीत आलात, काही न बोलता मला तुमच्या घरी नेलंत, मागच्या स्वयंपाकघरात बसवलंत. आंटी फुगे तळत होत्या, ते गोल गोल गोडूस पाव. बादलीत बॉलचा ब्लॅडर बुडवून तुम्ही पंक्चर शोधत होतात. आंटी म्हणाल्या, "ह्याला तोंड नाय, नुसती जीभ हाय. तू खा." तुम्ही माळ्यावरून बूट काढलेत, तुमचे स्वतःचे, जुन्या कातड्याचे, चांभाराकडून नवीन तळ मारून आणलेले. तोपर्यंत मी कॅनव्हासच्या बुटांवर खेळत होतो. "पाय बघत धावू नको," एवढंच म्हणालात. सॉरी नाही म्हणालात. मीही थँक्यू म्हटलं नाही. घरी आई बूट बघून म्हणाली, "बरे आसत. पण ह्येच्यान पोट भरतला काय रे?"

भरणार होतं, आई, हेच तर सांगत होतो. त्या काळात कंपन्या चांगल्या खेळाडूला नोकरीवर घ्यायच्या. सकाळी सही करायची, दुपारी प्रॅक्टिस, महिन्याला पगार. शिक्षण कोणी विचारत नव्हतं. आणि अंकल, माझा राग यासाठी आहे की तो माणूस तुम्हीच आणलात. आपल्या ग्राउंडवरच्या टूर्नामेंटच्या फायनलला एका कंपनीच्या टीमचा माणूस येणार आणि तुमच्या लेफ्ट आउटला बघणार, म्हणजे मला, हे तुम्हीच आठ दिवस आधी सांगितलंत. वर म्हणालात, "दाढी करून ये. आणि त्या दिवशी तरी वेळेवर ये."

फायनल रविवारी. शनिवारी अनंत चतुर्दशी. आमच्या चाळीच्या गणपतीला खांदा दिलेली अर्धी टीम सुजल्या खांद्याने उभी होती. तुम्ही कमिटीला महिनाभर सांगत होतात की रविवारी पुनव आहे, बारा-साडेबाराला भरती, मॅच आठला सुरू करा आणि दहाला मोकळे व्हा. त्यांनी मानही डोलावली. पण बक्षीस द्यायला कोणी पुढारी बोलावलेला, आणि पाहुणे आल्याशिवाय बॉल ठेवायचा नाही ही आपल्याकडची खोड. आठचे नऊ, नऊचे साडेदहा. स्पीकरवर तेच तेच गाणं. पाहुणे अकरानंतर आले, हार, भाषण, खेळाडूंशी हस्तांदोलन, आणि मॅच सुरू झाली साडेअकराला. तुम्ही खाडीकडच्या गोलजवळ लाइनवर उभे होतात आणि मॅचपेक्षा तिवरांकडेच जास्त बघत होतात. समोर मरोळची टीम, म्हणजे आंटींच्या माहेरची. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅचच्या आधी त्यांचे लोक तुम्हाला "जावयबापू, आज जरा सासरकडे लक्ष असू द्या" म्हणून चिडवत होते आणि तुम्ही हसत होतात. ते हसणं मी लक्षात ठेवलं.

हाफ टाइमला एक-एक. दुसऱ्या हाफला आपण खाडीकडे मारणार, आणि तिकडे पाणी आलेलं. तुम्ही दोन्ही कॅप्टनना बोलावून सांगितलंत, "त्या टोकाला आता चुना दिसणार नाय. खेळा सांभाळून." मॅच संपायला पाचेक मिनिटं राहिली असतील. डावीकडून मला लांब बॉल मिळाला. पुढे घोट्याएवढं पाणी, त्यांचा बॅक घसरला, मी एकटा. बॉल पाण्यात अडकत, सरकत कोपऱ्याकडे चाललेला. मी त्याच्या मागे. गाठला, डाव्या पायाने ओढून आत वळवला, आपल्या सेंटर फॉरवर्डने आला तसा मारला. गोल. आवाज हायवेपर्यंत गेला असेल. मी खुर्च्यांकडे बघितलं, कंपनीचा माणूस पँट दुमडून, बूट हातात घेऊन उभा होता, आणि खरंच सांगतो, तो मान डोलावत होता. दोन की तीन सेकंद माझ्याकडे नोकरी होती.

मग सगळे गप्प झाले. वळून बघतो तर तुमचा झेंडा वर.

रेफरी आला. "काय झालं?" "बॉल बाहेर गेलेला," तुम्ही म्हणालात. "खुंटीच्या पलीकडून ओढला त्याने." रेफरीने पाण्याकडे बघितलं, कपाळावर हात मारला, पण शिट्टी वाजवली. मी तुमच्या अंगावर धावत आलो. "अंकल, रेघच नाय तर बॉल बाहेर कुठून गेला?"

"रेघ हाय. पाण्याखाली हाय."

"कोणाला दिसली? मला नाय दिसली, रेफरीला नाय दिसली!"

"मी मारली ना रे सकाळी. तूच दोरी धरलेली."

तेव्हा मी विचारलं, तुम्ही आपले की त्यांचे? आणि तिथे न थांबता पुढचंही बोललो. सासरवाडीला कप न्यायचाय तर तसं सांगायचं आधी. शेवटी तुमचे ते तुमचेच. आम्ही फक्त दोरी धरायला. एवढ्या वर्षांत गावठाण आणि चाळ हे आपल्या टीममध्ये कोणी तोंडातून काढलं नव्हतं, ते मी त्या दिवशी घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून काढलं. गावठाणातली आपलीच पोरं माझ्याकडे बघायला लागली. आंटी खुर्च्यांच्या मागे बायकांत उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. तुमचा चेहरा बदलला नाही. तुम्ही खाली माझ्या पायांकडे बघितलंत आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं विचारलंत, "तुला खुंटी लागली ना रे?"

"नाय," मी म्हणालो. लगेच.

मग मी तुमच्या हातातला झेंडा हिसकला, काठी गुडघ्यावर मोडली, आणि रेफरीने मला बाहेर काढलं. दहा जणांवर त्यांनी गोल मारला आणि कप मरोळला गेला. कंपनीचा माणूस पाहुण्यांच्याही आधी निघाला. तुम्हाला काय म्हणाला ते मला आपल्या गोलकीपरने सांगितलं, तो बाजूलाच होता. "पाय चांगला आहे पोराचा. पण उद्या माझ्या साहेबावर असा धावला तर?" म्हणजे नोकरी गोलमुळे गेली नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं. सात वर्षं मी जिथे जाईन तिथे सांगत आलो की आमच्या कोचने सासरच्या लोकांसाठी माझी वाट लावली. एजंटच्या ऑफिसच्या रांगेत सांगितलं, विमानात शेजारच्याला सांगितलं. इथल्या खोलीत तर सगळ्यांना पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चाळीत आलात. बूट मी ग्राउंडवरच फेकले होते, ते धुऊन, आत कागद कोंबून आणले होतेत. मी पडद्याच्या मागे उभा. आई म्हणाली, "नाय हा घरात." पडद्याखालून माझे पाय दिसत असणार, खोली केवढी ती. तुम्ही म्हणालात, "असू दे, वैनी. ओले हायत, उन्हात ठेवू नका, सावलीत सुकवा." आणि गेलात. पुन्हा आला नाहीत. मीही ग्राउंडवर गेलो नाही. पुढच्या वर्षी तुम्हाला कावीळ झाल्याचं कळलं, बघून येऊ म्हणता म्हणता पंधरा दिवस गेले, आणि मग गावठाणातल्या चर्चच्या घंटेवरूनच कळलं. मी रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर उभा होतो. टीमच्या पोरांनी क्लबचे शर्ट घालून तुम्हाला खांदा दिला, चाळीतलीही होती, मला सोडून सगळी. गोलकीपरने मला बघितलं, हाताने ये म्हणून खूण केली. मी चहाचे पैसे द्यायचेत असं दाखवलं. चहा मी घेतलाच नव्हता.

एक गोष्ट मला अजून छळते, आणि राग येतो तो त्याचाच. तुम्ही कोणाला काही बोलला नाहीत. मी एवढं बोललो, गावठाण काढलं, आंटींचं माहेर काढलं, तुम्ही एका शब्दात मला उघडा पाडू शकत होतात. रेफरीला म्हणायचं होतं, त्या पोराला विचारा. नाही म्हणालात. मलाच विचारलंत, तेही असं की बाकीच्यांना वाटलं म्हातारा पोराला लागलंय का म्हणून बघतोय. मी नाही म्हणालो ते तुम्ही ठेवून घेतलंत आणि घेऊन गेलात. आता मी भांडू कोणाशी?

परवा मी खोलीतल्या त्या पोराला गाठलं, शुक्रवारी ज्याने बॉल ओढला त्याला. नवा आहे, रत्नागिरीकडचा, पाय चांगला आहे. तो वरच्या बाकड्यावर बसून पाय हलवत होता. मी म्हटलं, "खरं सांग, बॉल बाहेर गेलेला तुला माहीत होतं ना?" "नाय," म्हणाला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला. मग तोंड फिरवून पायाची नखं बघत बसला. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि दुसऱ्या बाजूने हसूही आलं. मी त्याला पुढे काही विचारलं नाही. साताऱ्याचा तिथेच कांदा चिरत होता, त्याने आमच्या दोघांकडे बघितलं आणि परत कांदा चिरायला लागला. जेवायला मात्र त्याने हाक मारली.

मांडून झालं सगळं. वही बंद करून ट्रंकेत टाकतो, तुमचे बूट आहेत तिच्यात खाली, इथे आणलेत मी, घातले एकदाही नाहीत. एवढंच राहिलं. त्या दिवशी बॉल आत ओढताना उजवा पाय टेकला, तेव्हा पाण्याखाली तळव्याला लोखंड लागलं होतं. खट्. माती वाहून डोकं वर आलेलं. मी ती खुंटी एवढ्या वेळा बोटांनी उकरून काढली होती की बुटातूनही ओळखली. आणि बॉल तिच्या पलीकडे होता, चांगला हातभर. लागली होती, अंकल.